कोल्हापूरला पहिल्यांदा येताय? दोन दिवसांचं बजेट आणि सुरक्षित फिरणं, एकेक स्टेप

अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा, पन्हाळा आणि जाताना एक चप्पल जोड, एवढं मनात धरून दर शनिवार-रविवारी खूप लोक कोल्हापूरला येतात. शहर तसं आटोपशीर आहे, माणसं मोकळी आहेत, रस्ता विचारला तर चार जण सांगायला येतात. तरी पहिल्यांदा येणाऱ्यांचे पैसे ठरलेल्या ठिकाणीच जास्त जातात आणि अडचणी पण ठरलेल्याच येतात. इतक्या पाहुण्यांना फोनवर तेच तेच सांगून झालंय म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इथला खर्च आणि इथली सुरक्षितता दोन्ही दोनच गोष्टींवर ठरतात, कुठल्या तारखेला येताय आणि गावात किती वाजता पोचताय. हॉटेल कुठलं, थाळी कुठली, हे सगळं नंतरचं. पहाटे तीनला हायवेवर उतरलात तर रिक्षावाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं, मिळेल ती रूम घ्यावी लागते आणि वर झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. त्यामुळे सुरुवात कॅलेंडरपासून करू.

स्टेप १: तारीख

शारदीय नवरात्रात गावात पाय ठेवायला जागा नसते. ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा असते, अष्टमीला रात्री देवीची नगरप्रदक्षिणा निघते, ते बघायचंच असेल तर नक्की या, तो अनुभव मोठा आहे, पण मग रूम खूप आधी घ्या आणि खालचे माझे आकडे विसरा कारण रूमचे दर तेव्हा दुप्पट झाले तरी नवल नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हा डोंगरावर लाखोंनी भाविक असतात, लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो आठवडा टाळाच. किरणोत्सव म्हणजे मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात तो सोहळा, तो ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबरच्या आसपास असतो, त्या संध्याकाळीही मंदिरात भरपूर गर्दी होते.

साध्या दिवसांत मंगळवार, शुक्रवार आणि रविवार देवळात गर्दीचे. रविवार हा जोतिबाचा पण वार. म्हणजे जे लोक शनिवारी पन्हाळा आणि रविवारी देऊळ-जोतिबा असा प्लॅन करतात ते दोन्ही रांगा स्वतःहून ओढवून घेतात. जमत असेल तर बुधवार-गुरुवार या, रूम स्वस्त मिळते, दर्शन लवकर होतं. नोकरीमुळे वीकेंडच जमणार असेल तर शनिवारी पोचल्या पोचल्या दर्शन उरका आणि रविवारी सकाळी लवकर बाहेर पडा.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये इकडचा हिरवा रंग बघण्यासारखा असतो हे खरंच आहे, पण त्याच दिवसांत पंचगंगा पण बघावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरकर त्या दिवसांत सकाळी उठून चहाबरोबर हा आकडाच विचारतो. तुम्ही पण निघण्याआधी दोन-तीन दिवस बातम्यांत तो बघत राहा. आकडा ३९ कडे सरकायला लागला आणि धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की ट्रिप पुढे ढकला, गेलेलं बुकिंग परवडतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवरच पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली होती, लोक गाड्यांसकट अडकले होते. पन्हाळ्याकडे जाणारा रस्ता तर त्याच्या आधीच जातो, केर्ली बाजूला रेडेडोहाचं पाणी रस्त्यावर आलं की तिकडची वाहतूक थांबते. 'एवढंसं पाणी आहे, निघून जाईल गाडी' असं म्हणून कुणीही त्यात गाडी घालू नका, खाली रस्ता शिल्लक आहे की नाही ते वरून दिसत नाही.

सगळ्यात निवांत काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर फेब्रुवारीपर्यंत.

स्टेप २: येणं, आणि किती वाजता

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री निघते, सकाळी कोल्हापूरला, आणि कोल्हापूर शेवटचं स्टेशन असल्यामुळे झोप लागून पुढे जायची भीती नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सांगतो. कोयना एक्सप्रेस दिवसाची, खिडकीतून बघायला छान, पण पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते, रूम आधी ठरलेली असेल तरच घ्या. पुण्याहून आठवड्यातून ठरावीक दिवशी वंदे भारत पण आहे, २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू झाली, तिकीट महाग पण दिवस वाचतो. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, वीकेंडचं स्लीपर पटकन भरतं.

एसटीने यायचं तर बायकांना तिकिटात निम्मी सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना पण निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा. घरातले चार जण असतील, त्यात दोघी बायका आणि एक आजोबा, तर एसटी इतकी स्वस्त पडते की स्वतःची गाडी काढण्यात काही अर्थ राहत नाही. टोल, डिझेल आणि वर देवळाजवळ पार्किंग शोधण्यात गेलेला तास पण हिशोबात धरा. आणि एसटी थेट मध्यवर्ती बसस्थानकात आणून सोडते, ज्याला इथे सगळे सीबीएस म्हणतात. तिथून रेल्वे स्टेशन चालत जाण्यासारखं आहे आणि देऊळ दोन-अडीच किलोमीटर.

खासगी ट्रॅव्हल्सचं एक लक्षात ठेवा. ज्या गाड्या पुढे बेळगाव, गोवा किंवा बेंगळुरूला जाणार असतात त्या बऱ्याचदा शहरात येतच नाहीत, हायवेवर तावडे हॉटेलच्या चौकात उतरवून निघून जातात, आणि मुंबईहून रात्री सुटलेली गाडी तिथे पहाटे तीन-साडेतीनला पण पोचू शकते. बुकिंग करताना ड्रॉपिंग पॉइंट नीट वाचा. 'कोल्हापूर' एवढंच लिहिलं असेल तर फोन करून विचारा, गाडी शहरात येणार का, कुठे सोडणार, किती वाजता. पहाटेच उतरावं लागणार असेल तर चौकात एकटं उभं राहू नका, उजेड असलेली चहाची टपरी किंवा चालू हॉटेल बघा, सरळ सीबीएसपर्यंत रिक्षा करा आणि उजाडेपर्यंत स्टँडवरच बसा, तिथे वर्दळ असते. बाई एकटी असेल तर असली गाडी मुळातच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, शंभर-दोनशे रुपये जास्त जाऊ द्या पण सकाळी सहानंतर पोचणारी गाडी बघा.

स्टेप ३: रूम

दोन पर्याय आहेत. स्टेशन रोड-शाहूपुरीच्या बाजूला, म्हणजे स्टँड आणि रेल्वेजवळ, किंवा देवळाजवळ ताराबाई रोड, महाद्वार रोड, बिंदू चौकाच्या आसपास. रात्री उशिरा पोचणार किंवा पहाटे निघणार असाल तर स्टँडजवळ राहा. वयस्कर माणसं बरोबर असतील, पहाटे काकड आरतीला जायचं असेल, तर देवळाजवळ राहा, कारण मग जेवण, दर्शन, बाजार, भवानी मंडप सगळं पायी होतं आणि रिक्षाचे पैसे वाचतात. देवळाजवळ धर्मशाळा आणि यात्री निवास पण आहेत, साध्या आणि स्वच्छ खोल्या कमी पैशात मिळतात.

आणि नेमकं इथेच फसवणूक होते. गूगलवर 'भक्त निवास बुकिंग' असं शोधलं की देवस्थानाच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाच्या बोगस साइट वर येतात, देवळाचा फोटो असतो, व्हॉट्सअप नंबर असतो, पलीकडचा माणूस अगदी गोड बोलतो, आधार पाठवा म्हणतो, पूर्ण भाडं आगाऊ मागतो आणि मग 'पावती जनरेट होत नाही, अजून एकदा तेवढेच टाका, रिफंड होतील' असं सुरू होतं. हे सगळ्याच देवस्थानांच्या गावी चाललंय. ओळखायचं कसं? खरी लॉज किंवा धर्मशाळा थोडा ॲडव्हान्स घेते किंवा नुसतं नाव लिहून घेते, दुसऱ्यांदा पैसे कधीच मागत नाही. पैसे टाकताना यूपीआयवर नाव कुणाचं येतं ते बघा, संस्थेच्या जागी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. नंबर मॅपवरचा पण डोळे झाकून धरू नका, तो कुणीही बदलायची रिक्वेस्ट टाकू शकतो, म्हणून दोन-तीन ठिकाणचा नंबर जुळतोय का बघा. साध्या दिवशी येत असाल तर मी तर म्हणतो एक रूम फोनवर बोलून ठेवा, आल्यावर बघा आणि मग पैसे द्या.

फोनवर विचारायचे प्रश्न: चेकआउट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं? (हा प्रश्न लोक विसरतात आणि सकाळी सातला येऊन दुपारी बाराला दुसऱ्या दिवसाचं भाडं भरतात.) गरम पाणी किती ते किती? लिफ्ट आहे का? रात्री गेट किती वाजता बंद होतं? एसी नको असेल तर नॉन-एसीचा दर वेगळा विचारा, थंडीत एसीची इथे काहीच गरज नसते.

रूममध्ये गेल्यावर सामान ठेवायच्या आधी आतली कडी लागते का, खिडकीचं स्टॉपर धड आहे का, बाथरूमच्या खिडकीबाहेर जिना किंवा गच्ची आहे का एवढं बघा, पसंत नसेल तर तिथल्या तिथे रूम बदलून मागा, लाजू नका. आधारची कॉपी द्यायची असेल तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. आणि रूमच्या कार्डाचा, पत्ता दिसेल असा, फोटो घरच्या ग्रुपवर टाका.

स्टेप ४: आकडे मांडून घ्या

दोघं जण, दोन दिवस, एक रात्र, साधा वीकेंड. गावापर्यंतचा प्रवास यात धरलेला नाही कारण तो प्रत्येकाचा वेगळा. हे माझे अंदाज आहेत, थोडं इकडेतिकडे होणारच.

रूम, नॉन-एसी डबल, स्वच्छ: १२०० ते १८०० रुपये.
खाणं: माणशी दिवसाला ५०० ते ६००, यात एक वेळ मटण थाळी आली. दोघांचे दोन दिवसांचे २२०० धरा.
शहरातल्या रिक्षा: ५०० ते ६००.
पन्हाळा-जोतिबा: एसटीने दोघांचे ३०० ते ४००, गाडी ठरवून गेलात तर १२०० ते २०००.
ओटी, हार-फुलं, चप्पल स्टँड, म्युझियमची तिकिटं: ४००.

एसटीने फिरलात तर सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास बसतं. शाकाहारी असाल तर अजून खाली येतं.

खरेदीचे पैसे यात मिसळू नका. ते वेगळे ठरवा, समजा २००० किंवा ३०००, आणि ते संपले की संपले. बजेट बिघडतं ते बहुतेक महाद्वार रोड आणि गुजरीच्या, म्हणजे सराफांच्या, बाजारातच. आणि १५०० रुपये रोख, शंभर-पाचशेच्या नोटांत, पाकिटाऐवजी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा, मोबाईल हरवला किंवा बंद पडला तर रूमवर आणि रूमवरून घरी पोचण्यापुरते. सगळं फोनमध्येच असलेल्या माणसाची फोन गेल्यावर काय अवस्था होते ते बसस्टँडवर बघायला मिळतं.

स्टेप ५: शहरात फिरणं

जुनं कोल्हापूर पायी बघायचं गाव आहे. देऊळ, भवानी मंडप, बिंदू चौक, खासबाग मैदान हे सगळं एकमेकांना लागून. शाहू महाराजांच्या काळातलं खासबागेचं कुस्ती मैदान बघायला काही पैसे पडत नाहीत, आणि रिकामं असतानाही त्या खोलगट मैदानाच्या काठावर उभं राहिलं की कुस्त्यांच्या दंगलीच्या दिवशी इथे काय आवाज होत असेल याचा अंदाज येतो. रंकाळा देवळापासून चालत जाण्यासारखा आहे, संध्याकाळी पदपथावर सगळं गाव असतं, तोवर अगदी सुरक्षित, मात्र गर्दी पांगल्यावर अंधाऱ्या बाजूला जाऊन बसू नका. न्यू पॅलेस लांब आहे, तिथे रिक्षा करा. १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला राजवाडा, आत म्युझियम, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी आधी विचारून मगच निघा.

रिक्षात बसण्याआधी 'मीटरनं येणार ना काका?' एवढं विचारा. मीटर नको म्हणाले तर आकडा ठरवा आणि तो माणशी की पूर्ण रिक्षाचा हे पण तिथेच स्पष्ट करा. रात्री उशिरा मीटरवर जादा आकार लागतो तो नियमातच आहे, त्यावरून भांडू नका. रूमवाल्याला आधी विचारून ठेवा की इथून स्टँडला साधारण किती होतात, मग तुम्हाला कुणी गंडवू शकत नाही. बहुतेक रिक्षावाले सरळ आहेत, उलट चांगली खानावळ पण तेच दाखवतात. केएमटीच्या, म्हणजे शहरातल्या, बस स्वस्त आहेत, हातात वेळ असेल तर जरूर वापरा.

स्टेप ६: देवळात

मंदिराला चार बाजूंनी दरवाजे आहेत, पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, पूर्वेला पूर्व दरवाजा आणि दक्षिणेला दक्षिण दरवाजा. आत गेल्यावर चारही बाजू सारख्या वाटायला लागतात आणि घरचे एका दारातून गेले नि तुम्ही दुसऱ्यातून बाहेर आलात की अर्धा तास शोधाशोध. आत शिरायच्या आधीच ठरवा, चुकामूक झाली तर अमुक दरवाजाबाहेर उभं राहायचं. लहान मुलांच्या खिशात आई-बाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पाठ असला तरी ठेवा, घाबरलेल्या मुलाला पाठ केलेलं आठवत नाही.

दर्शनाला पैसे लागत नाहीत. 'रांगेशिवाय आत नेतो, एवढे द्या' असं कुणी कोपऱ्यात बोलवून सांगितलं तर नको म्हणा आणि पुढे चला. अभिषेक किंवा पूजा करायची असेल तर देवस्थानच्या काउंटरवर चौकशी करा आणि पावती घ्या. वेळ कमी असेल, गुडघे दुखत असतील, तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, लांबून दर्शन होतं पण पटकन होतं. ओटीचं ताट घेताना काय काय आहे आणि एकूण किती हे ताट हातात घेण्यापूर्वी विचारा.

रांगेत पाकीट मागच्या खिशात नको, सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या. गळ्यातलं मोठं सोनं ट्रिपला आणूच नका, देवीसमोर बेन्टेक्स घालून गेलं तरी चालतं. पाकीटमारी गर्दीच्या त्या एका क्षणात होते जेव्हा दार उघडतं आणि सगळे पुढे ढकलतात, तेव्हा एक हात खिशावर ठेवा. चप्पल पैसे देऊन स्टँडवर ठेवा, बाहेर कडेला सोडू नका.

स्टेप ७: खाणं

मिसळ इथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वरून मागता येतो. सवय नसेल तर पहिल्यांदा कट वेगळ्या वाटीत मागा. मटण थाळी घ्यायची तर सकाळी नाश्ता हलका करा, कारण बऱ्याच खानावळीत तांबडा आणि पांढरा रस्सा हवा तेवढा वाढतात. दर विचारताना रस्सा, भाकरी, भात यातलं काय अमर्याद आणि काय मोजून ते विचारा, बिलातला फरक तिथेच पडतो. दोघांत एक थाळी चालत नाही, तसं मागू नका. नवख्यांना वाटतं पांढरा म्हणजे सौम्य, चवीला तिखट नसतो हे बरोबर, पण तो मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध घालून केलेला असतो, पोटाला जड. म्हणून मटण दुपारी खा. रात्रीच्या बसच्या आधी तीन वाट्या रस्सा पिऊन आठ तास सीटवर बसणं हे मी कुणालाही सांगणार नाही.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. इथल्या पैलवानी संस्कृतीचा तो भाग आहे आणि बघायला जरूर जा, पण ते न तापवलेलं दूध असतं, लहान मुलांना, गरोदर बाईला, पोट नाजूक असलेल्यांना देऊ नका.

स्टेप ८: चप्पल

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण बाजारात कोल्हापुरी म्हणून रेक्झिन आणि फोमची चप्पल पण सर्रास विकतात, बाहेरून तशीच दिसते. खरी ओळखायची असेल तर ती हातात घेऊन उलटी करा. तळ चामड्याचा, आणि तो एकावर एक थर लावून केलेला, कडेनं बघितलं की थर दिसतात. शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळे मारलेले नसतात. बोटानं टाच वाकवून बघा, चामडं हळू वाकतं आणि त्यावर बारीक सुरकुती पडते, रेक्झिन चटकन वाकतं आणि गुळगुळीतच राहतं. वास घ्या, कमावलेल्या चामड्याचा वास लपत नाही. आणि वजन, खरी चप्पल हाताला भरीव लागते.

तीनशे रुपयांत कापशी (हा कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल मिळत नसते हे मनाशी पक्कं करा, एवढं हाताचं काम त्या पैशात होतच नाही. साधा चांगला चामड्याचा जोड हजाराच्या आसपासपासून पुढे धरा. पहिल्या दुकानात घेऊ नका, चप्पल लाईनला तीन-चार दुकानं फिरा, घासाघीस करा पण कारागिराच्या पोटावर येईल इतकी नको. कच्चं का होईना बिल मागा. नवी चप्पल चावते, आतून खोबरेल तेल लावून घरात थोडी थोडी वापरा, पाण्यात घालू नका, आणि ती घालून लगेच पन्हाळ्यावर तर अजिबात जाऊ नका.

चांदी-सोनं घ्यायचं असेल तर गुजरीत सोन्याचा साज हॉलमार्क बघून, पक्क्या बिलावर घ्या. 'कोल्हापुरी साज' म्हणून गाड्यावर मिळतो तो इमिटेशन असतो, तो त्या भावात घ्यायला काहीच हरकत नाही.

स्टेप ९: फोन आणि पैसे

यूपीआय सगळीकडे चालतं, भेळवाल्याकडे पण. गर्दीच्या ठिकाणी मुख्य खात्यावरून पैसे देण्यापेक्षा यूपीआय लाइट चालू करून त्यात थोडे पैसे ठेवा, छोटी पेमेंट पिनशिवाय होतात, आणि चारचौघांत पिन टाकायची वेळच येत नाही. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव आलं का बघा आणि मोठ्यानं विचारा, 'हे नाव बरोबर आहे ना?' कारण दुकानाच्या क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवायचे प्रकार होतात. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, कुणी 'रिफंड देतो, पिन टाका' म्हटलं की तो चोर आहे, मग तो कितीही साहेबासारखा बोलो. गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त.

स्टेप १०: पन्हाळा, जोतिबा आणि नदी

पन्हाळा साधारण वीस किलोमीटर. एसटी गडावर जाते, कारण गडावर वस्ती आहे. सकाळी जाताना परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे कंडक्टरला विचारा आणि त्याच्या आधीचीच पकडा. शेवटची चुकली की वर अडकता आणि मग गाडीवाला सांगेल ते. चार-पाच जण असाल तर मात्र गाडी ठरवूनच जा, जोतिबा आणि पन्हाळा एका दिवसात आरामात होतं, फक्त ठरवताना ठिकाणं, थांबायचा वेळ, पार्किंग आणि कर कुणी द्यायचा हे सगळं एकदम बोला.

जोतिबाला गुलाल उधळतात, पांढरे किंवा भारी कपडे नकोत, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, चष्मा आणि मुलांचे डोळे जपा. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी एवढं नीट बघायला अर्धा दिवस लागतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांमध्ये पन्हाळाही आहे, त्यामुळे गर्दी आता वाढणारच. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की दहा फुटांवरचा कठडा दिसत नाही, तटावर चढून सेल्फी घेऊ नका, शेवाळलेल्या दगडावर पाय सटकला तर खाली काही धरायला नाही. २०२१ च्या पावसात गडावर जाणारा रस्ताच खचला होता, तेव्हा घाट चालू आहे का हे पावसाळ्यात आधी विचाराच.

कुणी नृसिंहवाडीला पण जाईल, तिथे कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. पाणी वरून शांत दिसतं, खाली ओढ असते आणि घाटाच्या पायऱ्या निसरड्या. पायरीवर बसून तांब्यानं पाणी घ्या, पोहता येत असलं तरी आत जाऊ नका.

स्टेप ११: नंबर आणि ठिकाणं

११२ पोलिसांसाठी आणि कुठल्याही तातडीला, १०८ मोफत ॲम्ब्युलन्स, १३९ रेल्वेत असताना. देवळाजवळ जुना राजवाडा पोलीस ठाणं, स्टँड-स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी पोलीस ठाणं. सरकारी मोठं हॉस्पिटल सीपीआर, दसरा चौकाजवळ, कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं 'सीपीआर' म्हटलं की पुरे. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांऐवजी चार दिवसांच्या आणा, पावसाळ्यात तर आणाच.

एकट्या येणाऱ्या मुलींना अजून थोडं. शहर रात्री दहा-साडेदहापर्यंत जागं असतं, देवळाच्या आसपास बायका-मुलं निर्धास्त फिरतात, तेवढ्यात फिरून घ्या. रूम दुसऱ्या मजल्यावरची मागा, तळमजल्याची नको. रिक्षात बसताना नंबरप्लेटचा फोटो काढा आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात घरी सांगा की कुठून निघाले. कुणी पाठीमागे येतंय असं वाटलं तर सरळ जवळच्या दुकानात शिरा आणि मालकाला मोठ्यानं 'काका, जरा थांबू का इथं?' म्हणा. इथला दुकानदार खुर्ची देईल, पाणी देईल आणि बाहेर येऊन बघेल पण.

परतीचं तिकीट येतानाच काढून ठेवा, रविवारी रात्रीची गाडी आयत्या वेळी मिळत नाही. शेवटच्या दिवशी चेकआउट करून सामान लॉजवर ठेवता येतं का ते सकाळीच विचारा, जोखमीच्या वस्तू तेवढ्या स्वतःजवळ ठेवा, आणि बाजारातून निघताना महाद्वार रोडच्या गर्दीत अर्धा तास जाईल असं धरूनच स्टँडकडे निघा.